एक ‘रन’, शंभर कामं

  हातातलं काम थांबवू नका. वाटण वाटत असाल तर वाटा, तांदूळ निवडत असाल तर निवडा, फक्त कान इकडे द्या. आज आपण एका इंग्रजी शब्दावर बोलणार आहोत. शब्द अगदी लहान आहे. रन.

तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचं? रन म्हणजे धावणं. क्रिकेटमुळे तर आजीबाईलाही तो ठाऊक आहे. खरं आहे. पण हा शब्द दिसतो तेवढा साधा नाही. इंग्रजीचा सगळ्यात मोठा शब्दकोश म्हणजे ऑक्सफर्डचा. त्याची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली, तेव्हा सगळ्यात जास्त जागा ‘सेट’ या शब्दाने घेतली होती. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि ‘रन’ची पाळी आली. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्या एका शब्दावर नऊ महिने बसले. काम संपलं तेव्हा क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ नोंदले गेले होते. एका बाईचे दिवस भरतात तेवढा वेळ एका शब्दाला लागला!

आपल्याला ६४५ अर्थ पाठ करायचे नाहीत. पण त्यातले आठ-दहा अर्थ रोज आपल्या दारात येतात. कधी दुकानदाराच्या तोंडून, कधी सुताराच्या, कधी ग्रामपंचायतीच्या कागदावरून. तिथे अर्थ कळला नाही तर पैसे जातात. म्हणून आज हा विषय घेतला.

चला, आधी बाजारात जाऊ. साडीच्या दुकानात दुकानदार म्हणतो, “ताई, यात रनिंग ब्लाउज आहे.” इथे कुणी धावत नाही. ब्लाउजपीस साडीलाच जोडून, एका सलग कापडात विणलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशी साडी साधारण सव्वासहा मीटरची असते आणि त्यातले ८० सेंटिमीटर ब्लाउजचे. ते कापून घेतलं की अंगावर नेसायला जवळपास साडेपाच मीटर उरतात. म्हणून दुकानातच विचारून घ्यायचं, “ब्लाउज धरून लांबी की सोडून?” उंच बाईला आणि जास्त निऱ्या घालणारीला हा फरक नेसताना कळतो.

आता शिवणाच्या वर्गात या. तिथे बाई सांगतात, “आधी रनिंग स्टिच मारा.” म्हणजे आपला धावदोरा. आपल्या आज्या-पणज्या गोधडी शिवत आल्या तो हाच टाका. सुई कापडात खाली-वर, खाली-वर करत पुढे जात राहते, मागे वळत नाही. गंमत बघा, इंग्रजीला जे सुचलं तेच आपल्या बायकांनाही सुचलं. तिकडे दोरा रन झाला, इकडे दोरा धावला. दोन्हींनी एकमेकींना विचारलं नव्हतं.

शिवणकाम करणाऱ्या गटाला कधी ‘सहा टेबल रनर’ अशी ऑर्डर येते. टेबलावर आख्खी चादर घालायची असा त्याचा अर्थ नाही. टेबलाच्या मधोमध, लांबीच्या बाजूने अंथरायची अरुंद पट्टी म्हणजे रनर. ऑर्डर घेताना लांबी आणि रुंदी दोन्ही लिहून घ्या, नाहीतर कापड वाया जाईल.

आता सगळ्यात पैशाची गोष्ट. सुतार, फॅब्रिकेशनवाला किंवा ओटा घालणारा भाव सांगतो, “रनिंग फुटाने लावतो.” दुसरा सांगतो, “स्क्वेअर फुटाने लावतो.” दोघांचा आकडा एकच असला तरी बिल एक येत नाही. समजा ओटा आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद आहे. रनिंग फूट म्हणजे फक्त लांबी मोजायची, म्हणजे आठ. स्क्वेअर फूट म्हणजे लांबी गुणिले रुंदी, म्हणजे सोळा. समजा भाव ५०० रुपये. रनिंग फुटाने ४,००० रुपये होतात आणि स्क्वेअर फुटाने ८,०००. शब्द एक बदलला, रक्कम दुप्पट झाली. यात फसवणूक असतेच असं नाही. दोन्ही पद्धती बाजारात चालतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्याकडे किती घरांची, शेडांची कामं काढावी लागली ते तुम्ही पाहिलं आहे. अशा घाईच्या वेळी माणूस भाव विचारतो आणि माप विचारायचं राहून जातं. म्हणून भावाआधी मापाचं नाव विचारा, आणि कागदावर लिहून घ्या.

असाच एक शब्द जुनं यंत्र विकत घेताना येतो. पिठाची गिरण, मसाल्याचं यंत्र, शिलाई मशीन. विकणारा सांगतो, “रनिंग कंडिशनमध्ये आहे.” म्हणजे चालू आहे. चालू आहे याचा अर्थ चांगलं आहे असा होत नाही. धाप लागलेला माणूसही चालतोच. गटाचे पैसे द्यायच्या आधी यंत्र आपल्यासमोर सुरू करायला सांगा. त्यात धान्य टाका, अर्धा तास चालू द्या, तापतं का बघा, आवाज ऐका.

पाण्याच्या मोटारीचीही गोष्ट ऐका. हल्ली पुष्कळ स्टार्टरवर ‘ड्राय रन’ असं लिहिलेला दिवा असतो. ड्राय म्हणजे कोरडं. विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि मोटार पाण्याविना चालत राहिली, तर तो ड्राय रन. पंपाला आतून थंड ठेवणारं पाणीच नसतं, त्यामुळे तो तापतो आणि जळतो. एप्रिल-मेमध्ये हा दिवा लागला तर आधी मोटार बंद करा, मग विहिरीत डोकावा.

आणि हेच दोन शब्द तुम्ही आणखी कुठे ऐकलेत? करोनाच्या काळात बातम्यांत सांगत होते, २ जानेवारी २०२१ ला देशभर लसीकरणाचा ड्राय रन झाला. तिथे काही जळालं नाही. तिथे अर्थ होता तालीम. लस न देताच नोंदणी, रांग, खोल्या, सगळं नीट चालतं का ते पाहणं. शब्द तेच, पण मोटारीजवळ धोका आणि दवाखान्यात तालीम. अर्थ शब्दाच्या पोटात कमी आणि त्याच्या शेजारपाजारात जास्त असतो.

ग्रामसभेत जाणाऱ्या मैत्रिणींसाठी एक शब्द खास. रनिंग बिल. रस्त्याचं किंवा गटाराचं काम चालू असताना, आतापर्यंत जेवढं झालं तेवढ्याचं ठेकेदाराला जे बिल दिलं जातं ते रनिंग बिल. काम संपल्यावरचं ते अंतिम बिल. म्हणून कुणी सांगितलं, “त्या कामाचं बिल निघालं,” तर विचारायचं, “रनिंग निघालं की अंतिम?” अंतिम म्हणाले आणि काम अर्धंच दिसत असेल, तर पुढचा प्रश्न मोजमाप पुस्तिकेचा. कामाची मोजणी त्या पुस्तिकेत लिहिलेली असते.

आता थोडं थांबू आणि बघू, हे सगळे अर्थ एकाच शब्दात आले कसे? ब्लाउजपीस, धावदोरा, रनिंग फूट, मोटार, बिल. यांच्यात समान काय? एकच गोष्ट. न थांबता पुढे जाणं. कापड न तुटता पुढे गेलं. दोरा न वळता पुढे गेला. माप सरळ रेषेत पुढे गेलं. मोटार थांबली नाही. हिशेब अजून मिटला नाही. धावणाऱ्या माणसाचे पाय गेले आणि त्याचं पुढे जाणं तेवढं उरलं. हे कळलं की नवीन ठिकाणी ‘रन’ भेटला तरी घाबरायला होत नाही. विचारायचं, इथे न थांबता काय पुढे चाललंय?

हे काम आपल्या मराठीत बहुतेक ‘चालणे’ करतं. घड्याळ चालतं, गिरण चालते, शाळा चालते, गट चालतो, सिनेमा चालतो. बँकेत चालू खातं असतं. जे नाणं बाजारात चालतं ते चलन. “उद्या येऊ का?” “चालेल.” इथे तर पायाचा संबंधच नाही. इंग्रजी माणूस मराठी शिकायला बसला तर तोही आपल्यासारखाच डोक्याला हात लावेल.

पण सगळीकडे ‘चालणे’ चालत नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. संध्याकाळी पोरं दप्तर घेऊन आईजवळ बसतात. पुस्तकात वाक्य येतं आणि पोरगं मराठी करतं, “माझं नाक धावतंय.” घरात हशा होतो. हसा, पण त्याला रागावू नका. त्याने रनचा शिकवलेला अर्थच लावला. इंग्रजी जिथे एक रन वापरते तिथे मराठी प्रत्येकाला वेगळा शब्द देते. ऐका. नाक वाहतं. पऱ्ह्या वाहतो. नळ सोडतात. नव्या लुगड्याचा रंग जातो. ताप येतो. साखर संपते. म्हसळ्याहून माणगावला रस्ता जातो आणि त्या रस्त्यावर एसटी धावते. एखादा आजार घराण्यात चालत येतो. इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी रन येऊ शकतो. मुलांना हे असं घरातल्या वस्तू दाखवून सांगितलं तर पक्कं बसतं. त्यासाठी आईला इंग्रजी यायला हवं असं काही नाही. आईला मराठी येतं, तेवढं पुरतं.

आणि नुसत्या पायांनी धावण्यालाही आपल्याकडे किती शब्द! बाळ दुडुदुडु धावतं. घोडा दौडतो. बैल उधळतो. चोर धूम ठोकतो किंवा पोबारा करतो. घाबरलेला पळ काढतो. एसटी चुकू नये म्हणून आपण धावाधाव करतो. मोटारसायकल सुसाट जाते. अडीअडचणीला शेजारीण धावून येते. यांची अदलाबदल करून बघा. “शेजारणीने धूम ठोकली” म्हटलं तर तिने मदत केली की पाठ फिरवली? पाय तेवढेच हलले, पण बोलणाऱ्याने तिच्याबद्दल मत देऊन टाकलं.

इथे जरा गंभीर बोलू. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. ती धावली म्हणून साऱ्या महाराष्ट्राला अभिमान वाटला. पण एखादी मुलगी सासरचा छळ सोसेना म्हणून रात्रीची माहेरी आली, तर गाव म्हणतं, “पळून आली.” ‘पळून’ या शब्दात गुन्ह्याचा वास आहे. ती जीव वाचवायला निघून आली, असंही म्हणता येतं. तेच ‘चालू’चं. खातं चालू आहे म्हटलं तर बरं, आणि बाई चालू आहे म्हटलं तर शिवी. शब्द कुणाच्या शेजारी बसवला, यावर एखादीची अब्रू ठरते. गटात, पाणवठ्यावर, फोनवर बोलताना आपणही हे शब्द वापरतो. वापरण्याआधी क्षणभर तोंडात घोळवावेत.

आता निवडणुकीकडे येऊ. अमेरिकेत निवडणूक लढवणाऱ्यासाठी ‘रन’ म्हणतात, तो धावतो. इंग्लंडात म्हणतात तो उभा राहतो. आपण मराठीतही म्हणतो, “यंदा वहिनी उभ्या राहिल्यात.” अमेरिकेत पद चालवण्यालाही पुन्हा रनच. म्हणजे तिथे निवडणुकीला धावणं आणि कारभार चालवणं दोन्हींना एकच शब्द. आपल्याकडे मात्र शब्द दोन. उभी राहणे वेगळं, चालवणे वेगळं.

आणि नेमकी या दोन शब्दांच्या मधल्या फटीत गोष्ट अडकते. १९९३ पासून देशभर पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. त्यामुळे बायका उभ्या राहिल्या, निवडूनही आल्या. पण कारभार कोण चालवतं विचारलं की किती गावांत उत्तर येतं, “त्यांचे मिस्टर बघतात.” त्यासाठी लोकांनी शब्दही काढला, सरपंचपती. कायद्यात असं पद कुठे नाही. सही बाईची, खुर्ची बाईची, आणि क्रियापद मात्र नवऱ्याचं. ज्या सरपंच ताई स्वतः सभा घेतात, कागद वाचून सही करतात, ठेकेदाराला रनिंग बिल की अंतिम असं विचारतात, त्यांनी हे क्रियापद आपल्याकडे घेतलं आहे.

घरातही तेच आहे. आपल्या भागाची रीत तुम्हाला सांगायला नको. पिढ्यानपिढ्या घरचे पुरुष मुंबईला चाकरीला गेले, काही आखाती देशांत गेले. पैसे तिकडून आले हे खरं. पण इथे भात लावलं कुणी, गुरं बघितली कुणी, सासूचं औषध, पोरांची शाळा, सोसायटीचा हप्ता, लग्नाकार्याची देवघेव, हे केलं कुणी? घर चालवलं बाईने. आणि खानेसुमारीवाला दारात आला, “तुम्ही काय करता?” असं त्याने विचारलं, तर आपणच सांगतो, “काही नाही, घरीच असते.” नुसतं घर सांभाळणाऱ्या बाईला खानेसुमारी काम न करणाऱ्यांत धरते. पण शेतात राबलेले, लोणची-पापड विकलेले दिवस तरी सांगायला हवेत. ते आपण नाही सांगितले तर कागदावर ते झालेच नाहीत.

धंद्याच्या कागदावर तर हे फार जपा. कोकमाचं आगळ, पापड, मसाला, सुकी मासळी, शिलाई, जे काही तुम्ही करता त्याला सरकारी ओळख म्हणून उद्यम नोंदणी असते. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, फी नाही. एकटीचा धंदा असेल तर नोंदणी मालकाच्या आधारवर होते. घरात बसून फॉर्म भरताना सोयीचं म्हणून नवऱ्याचं किंवा मुलाचं आधार दिलं, तर कागदावर धंदा त्याचा झाला. मग पुढे कर्ज मागायला जाल तेव्हा बँक त्याला ओळखेल, तुम्हाला नाही. म्हणून फॉर्म भरणाऱ्याने विचारलं, “धंदा कोण चालवतं?” तर उत्तर देण्याआधी इकडे-तिकडे बघायचं नाही. जी पहाटे उठून मसाला भाजते, जी उधारी लिहून ठेवते, जी गिऱ्हाईक सांभाळते, ती चालवते. घरातल्यांची मदत असते, ती आहे म्हणून सांगा. पण मदत करणं आणि चालवणं हे दोन वेगळे शब्द आहेत.

आता पुढच्या बैठकीसाठी एक काम. बचत गोळा झाली, वह्या लिहून झाल्या, की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने घरातून एक वस्तू आणायची, जिच्यावर किंवा जिच्याबद्दल ‘रन’ किंवा ‘रनिंग’ असा शब्द आहे. दुकानाचं बिल, मोटारीचा स्टार्टर असेल तर त्याचा फोटो, मुलाचं पुस्तक, काहीही. मग तीन प्रश्न विचारायचे. पहिला, इथे न थांबता पुढे काय चाललंय? माणूस, पाणी, दोरा, यंत्र, हिशेब, की धंदा? दुसरा, शेजारी कोणता शब्द आहे? फूट आहे, बिल आहे, की ब्लाउज? आणि तिसरा, अर्थ चुकला तर पैशाचं नुकसान किती? ज्या बायकांना वाचता येत नाही त्यांनाही हा खेळ खेळता येतो, कारण हे शब्द त्यांनी कानाने ऐकलेले असतात. उलट सुतार आणि दुकानदार यांच्याशी बोलण्याचा सराव त्यांनाच जास्त असतो.

त्यानंतर प्रत्येकीने एक वाक्य म्हणायचं, ‘चालवते’ने संपणारं. मी नर्सरी चालवते. मी गिरण चालवते. मी गटाचा हिशेब चालवते. मी सात माणसांचं घर चालवते. सचिव ताईंनी ती वाक्यं नावासकट इतिवृत्ताच्या वहीत लिहून घ्यायची. पुढे कुठल्या अर्जावर ‘व्यवसाय’ हा रकाना आला, की वही उघडा आणि त्यातलं वाक्य उतरवा.

कुणाला आणखी कुठे ‘रन’ भेटला आणि अर्थ लागला नाही, तर रेडिओ केंद्रावर कळवा. पुढच्या वेळी ‘कट’ हा शब्द घेऊ. लाईट कट, फोन कट, कमिशन कट आणि बँकेतून कट झालेले पैसे. त्याचीही यादी करून ठेवा. नमस्कार, आणि खुदा हाफिज.